दोनशे कोटींचे पेढे

गणपतीत आत्याकडे गेलो होतो. आरती झाली, प्रसाद झाला, उकडीचे मोदक झाले (किती, ते विचारू नका). बाकीची मंडळी हॉलमध्ये गप्पा मारत बसली आणि आत्याने मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याशी उभी राहून, आवाज खाली आणून विचारलं, "तू हिशेबातला माणूस. मला एक सांग. ह्याची कंपनी ८१ कोटींना विकली म्हणतात. ह्याचा हिस्सा २४ टक्के. मग ह्याच्या हातात ७२ लाखच कसे आले? कुणी फसवलं का रे माझ्या पोराला?"

मी म्हणालो, "नाही गं आत्या. कुणीही फसवलं नाही. सगळं कागदावर लिहिलेलं होतं."

उत्तर खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं, की तो कागद सही होण्याआधी मी वाचला होता. मीच वाचला होता.

ती तिथे उभी असताना ते बोलवलं नाही. म्हणून इथे लिहितोय. आतेभावाला विचारून लिहितोय. आकडे गोल केले आहेत. फंडांची नावं लिहिणार नाही, कारण माझं भांडण नावांशी नाही. नातेवाईक मंडळींपैकी बरेच जण हा ब्लॉग वाचतात (आणि कॉमेंट न टाकता फोन करतात :-) ), त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी एकदा तरी नेटाने वाचावं. शाळेतल्या टक्केवारीच्या पुढे यात काही नाही.

तर, सगळ्यात आधी फंड म्हणजे काय. आपल्याला वाटतं, कोणीतरी श्रीमंत माणूस खिशातून पैसे काढून देतो. तसं नसतं. फंड चालवणारे लोक दुसऱ्यांचे पैसे घेऊन बसलेले असतात. पेन्शन फंड, विमा कंपन्या, विद्यापीठांचे निधी, बडी घराणी. आपल्याकडे सेबीचे २०१२ चे नियम आहेत, त्यानुसार अशा फंडात साधारणपणे एक कोटीच्या खाली कुणाला शिरताच येत नाही. फंडाचं आयुष्य बहुधा दहा वर्षांचं. चालवणाऱ्यांचा जगभरचा रूढ भाव म्हणजे वर्षाला दोन टक्के फी आणि नफ्यात वीस टक्के वाटा. म्हणजे हे लोक कायमचे भागीदार नसतात. आत येतानाच बाहेर पडायचा दरवाजा बघून ठेवतात. यात वाईट काही नाही, पण हे विसरलं की पुढचं काहीच समजत नाही.

आता किंमत कशी ठरते? आतेभावाच्या कंपनीला नफा नव्हता. दोन खोल्या, अकरा पोरं, एक सॉफ्टवेअर आणि शंभरेक गिऱ्हाइकं. अशा कंपनीची किंमत काढणार कशी? फंडवाले उलटीकडून येतात. समजा त्यांना वाटलं, सगळं नीट झालं तर सहा वर्षांनी ही कंपनी ५०० कोटींना विकली जाईल. आज ते घालणार १० कोटी, आणि त्यांना हवेत दहापट, म्हणजे १०० कोटी. दहापट का? कारण अशा दहा कंपन्यांतल्या बहुतेक बुडणार हे त्यांना माहीत असतं, एकदोन तरल्या तर त्यांनी बाकीच्यांचं भरून काढायचं असतं. तर ५०० मधले १०० म्हणजे २० टक्के. १० कोटींना २० टक्के, म्हणून आज कंपनीची किंमत ५० कोटी. पण मधे आणखी गुंतवणूकदार येणार, हिस्सा पातळ होणार. तो दोनतृतीयांश उरेल असं धरलं तर आज ३० टक्के घ्यायला हवेत. मग किंमत झाली ३३ कोटी.

बघा, एक गृहीतक बदललं आणि ५० चे ३३ झाले. आणि ते ५०० कुठून आले? कुठूनच नाही. टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्यांपैकी कुणाला किती घाई आहे, बरेचदा त्यावरून ते येतात.

आतेभावाच्या पहिल्या मोठ्या फंडाने १८ कोटी घातले आणि २० टक्के घेतले. कंपनी ९० कोटींची झाली. दोन वर्षांनी दुसरा फंड आला, त्याला ४० कोटी घालायचे होते. त्याने दोन पर्याय ठेवले. पहिला पर्याय: कंपनीची किंमत १४० कोटी, अटी साध्या. दुसरा पर्याय: किंमत २०० कोटी, पण "थोडं प्रोटेक्शन" लागेल.

ती दिवाळी होती. आतेभाऊ कागद घेऊन माझ्याकडे आला, "दादा, एकदा नजर घाल." फराळाचं ताट शेजारी होतं, टीव्ही चालू होता. मी सीए असलो तरी माझं आयुष्य टॅक्स आणि ऑडिटमध्ये गेलेलं. असले करार मी हाताळलेले नव्हते, पण तसं म्हणायला जीभ वळली नाही. घरातला हिशेबातला माणूस ना मी! मी पानं चाळली. कलम मला दिसलं होतं. मी म्हणालो, "हे सगळीकडेच असतं रे, स्टँडर्ड आहे. २०० च घे. हिस्सा कमी जाईल आणि नावही होईल."

त्याने २०० घेतले. वर्तमानपत्रात दोन कॉलमची बातमी आली, आत्याने सोसायटीत पेढे वाटले. मी तीन खाल्ले.

ते "प्रोटेक्शन" काय होतं ते सांगतो. फंड जे शेअर घेतात ते आपल्या आतेभावाकडे असतात तसले साधे शेअर नसतात. ते प्रेफरन्स शेअर असतात, पुढे सक्तीने साध्या शेअरमध्ये बदलणारे. त्यांना पहिल्या पंगतीचा मान असतो. कंपनी विकली गेली की आधी ते जेवणार, मग उरलं तर बाकीचे. याला लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणतात.

हा मान अन्यायाचा आहे का? नाही. समजा मी तुमच्या कंपनीत १८ कोटी घालून २० टक्के घेतले, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कंपनी १८ कोटींनाच विकून टाकली. पंगतीचा मान नसेल तर मला मिळणार ३ कोटी ६० लाख आणि तुम्हा लोकांना १४ कोटी ४० लाख, तेही माझ्याच पैशातून. तेव्हा "माझं मुद्दल आधी" हे म्हणणं रास्त आहे. माझी हरकत त्याच्या पुढच्या दोन गोष्टींना आहे. एक, मुद्दलाच्या पटीला. दुसऱ्या फंडाने दीडपट लिहून घेतलं होतं, म्हणजे ४० च्या जागी ६०. दोन, दुसऱ्यांदा जेवण्याला. साध्या अटीत फंडाला निवड करावी लागते: एक तर मुद्दल घे, नाही तर हिस्सा घे. इथे त्याला दोन्ही. आधी ६० घ्यायचे, मग उरलेल्यातही २० टक्क्यांनी पुन्हा पानावर बसायचं. पहिल्या फंडाचं कलमही असंच दोनदा जेवणारं होतं, फक्त पट एकच.

आता विक्रीचा हिशेब करा. ८१ कोटी आले. दुसऱ्या फंडाने ६० घेतले. पहिल्याने १८. उरले ३ कोटी. त्या ३ कोटींत सगळे आपापल्या टक्क्यांनी आले. आतेभावाचे २४ टक्के, म्हणजे ७२ लाख. आणि कंपनीत काम करणाऱ्या तीसेक मुलांना जे शेअर कबूल केले होते, त्यांचे ८ टक्के, म्हणजे सगळ्यांना मिळून २४ लाख.

७२ लाख म्हणजे काही कमी नाहीत, असं काका म्हणालेच. बरोबर आहे. पण सात वर्षं त्याने अर्ध्या पगारावर काढली आहेत. आणि ती तीस मुलं? त्यांतल्या एकाने त्या शेअरच्या भरवशावर फ्लॅट बुक केला होता. आतेभावाला झोप येत नाही ती स्वतःच्या आकड्यापायी नव्हे, त्या मुलापायी.

विक्रीनंतर एका रात्री बसून मी दुसरा हिशेब केला. १४० कोटींचा साधा पर्याय घेतला असता तर काय झालं असतं? दुसऱ्या फंडाला हिस्सा जास्त गेला असता, २८.६ टक्के, आणि आतेभावाचे टक्के २४ ऐवजी २१.४ राहिले असते. विक्रीच्या वेळी त्या फंडाने मुद्दलाचे ४० घेतले असते आणि उठला असता. पहिल्याने १८. उरले असते २३ कोटी. त्यात आतेभावाला आले असते सहा कोटी नव्वद लाख. मुलांना दोन कोटी तीस लाख.

६.९० कोटी आणि ७२ लाख. पुन्हा पुन्हा तपासलं. मग हेही काढलं, की २०० चा पर्याय फायद्याचा ठरायला कंपनी केवढ्याला विकली जायला हवी होती? उत्तर आलं ५७८ कोटी. त्याच्या खाली प्रत्येक किमतीला "कमी" किमतीचा पर्याय त्याच्यासाठी बरा होता किंवा निदान तितकाच होता. हा हिशेब करायला मला अर्धा तास लागला. दिवाळीत तो अर्धा तास माझ्याकडे होता.

या धंद्यात एक म्हण आहे: किंमत तुम्ही सांगा, अटी मी सांगतो. ही मोठ्यांनाही चुकलेली नाही. अमेरिकेतली स्क्वेअर (आता तिचं नाव ब्लॉक आहे) घ्या. २०१४ मध्ये शेवटच्या गुंतवणूकदारांनी तिचे शेअर साधारण १५.४६ डॉलरने घेतले, कंपनी ६ अब्ज डॉलरची म्हणून गाजली. पण करारात लिहिलं होतं, की शेअर बाजारात येताना आम्हाला किमान २० टक्के नफा दिसला पाहिजे, नाहीतर फरक जादा शेअर देऊन भरून द्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनी बाजारात आली ती ९ डॉलरने. जादा शेअर द्यावे लागले. ते आले कुठून? इतर सगळ्यांच्या हिश्श्यातून. मग ती ६ अब्जांची किंमत खरी होती का? ज्याला तोटाच होणार नाही असं लिहून दिलंय, त्याने दिलेला भाव हा भाव कसला!

गोर्नाल आणि स्ट्रेबुलाएव या दोन अभ्यासकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात अमेरिकेतल्या १३५ युनिकॉर्न कंपन्यांचे करार तपासले. या कंपन्यांची जाहीर किंमत खऱ्या किमतीपेक्षा सरासरी ४८ टक्क्यांनी जास्त निघाली. कारण साधं. शेवटच्या फंडाने पहिल्या पंगतीचा शेअर ज्या भावाने घेतला, त्याच भावाने शेवटच्या पंगतीचे शेअरही मोजले जातात. आपल्याकडे बायजूजची किंमत २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर लिहिली जात होती. २०२४ मध्ये प्रोसस या तिच्या मोठ्या गुंतवणूकदाराने आपल्या हिश्श्याची किंमत शून्य लिहिली. दोन वर्षांत २२ अब्ज हवेत विरले असं आपण म्हणतो. ते तेवढे होते का, हा प्रश्न आपण पेढे खाताना विचारत नाही.

असो. हा झाला लहान, वाढत्या कंपन्यांचा प्रकार. याचा थोरला भाऊ म्हणजे बायआउट. तिथे कंपनी जुनी असते, नफ्यात असते, आणि फंड तिची अख्खी मालकी घेतो. तिथली किंमत स्वप्नावरून नाही, रोकड नफ्यावरून ठरते. व्याज, कर आणि घसारा धरण्याआधीचा वर्षाचा नफा घ्यायचा आणि त्याला सात, आठ, दहा, त्या धंद्यात जो गुणक चालतो त्याने गुणायचं. खरी गंमत पैसे उभे करण्यात असते.

समजा २० कोटी नफ्याची कंपनी सातपटीने १४० कोटींना घेतली. फंडाने घातले ५६, कर्ज काढलं ८४. पाच वर्षांत नफा २८ कोटी झाला, सातपटीनेच १९६ कोटींना विकली. मधल्या काळात कंपनीच्या कमाईतून ४० कोटी कर्ज फिटलं, ४४ उरलं. हातात आले १५२. छप्पन्नाचे एकशेबावन्न, वर्षाला सुमारे २२ टक्के. कर्ज न काढता स्वतःचे १४० घातले असते तर हाच दर त्याच्या अर्ध्याच्या थोडा वर आला असता. धंदा तोच, कामगार तेच, नफा तोच.

आता उलट बाजू. नफा २० वरून १४ वर आला आणि गुणक ७ वरून ६ वर. कंपनीची किंमत ८४ कोटी. कर्जाएवढीच. फंडाचे ५६ कोटी साफ.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय, आपणही फ्लॅट असाच घेतो. थोडे आपले, बाकी बँकेचे. फरक आहे, आणि तोच मला खुपतो. फ्लॅटचं कर्ज माझ्या नावावर असतं. इथे कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर बसतं. म्हणजे मी वाडा घ्यायचा आणि हप्ते वाड्याने भरायचे. चुकले तर भाडेकरू रस्त्यावर. मी माझी अनामत गमावून घरी.

हे जमतं तेव्हा डोळे दिपवतं. अमेरिकेचे माजी अर्थमंत्री विल्यम सायमन यांच्या वेसरे या कंपनीने १९८२ मध्ये गिब्सन ग्रीटिंग्ज ही शुभेच्छापत्रांची कंपनी सुमारे ८ कोटी डॉलरला घेतली. त्यात स्वतःचे होते जेमतेम १० लाख डॉलर. १९८३ मध्ये कंपनी बाजारात आणली तेव्हा तिची किंमत झाली सुमारे २९ कोटी डॉलर. त्यानंतर सगळ्यांनाच हा खेळ शिकायचा होता.

आणि जमत नाही तेव्हा टॉईज आर अस होतं. २००५ मध्ये केकेआर, बेन आणि व्होर्नाडो यांनी ही खेळण्यांची दुकानं ६.६ अब्ज डॉलरला घेतली. पाच अब्जांच्या वर कर्ज दुकानांवर बसलं. वर्षाला ४० कोटी डॉलरच्या आसपास व्याजातच जायचे. ॲमेझॉन आणि वॉलमार्टशी झुंजायचं तर दुकानं सुधारायला पैसे हवेत, ते सावकाराकडे चालले होते. सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरी, २०१८ मध्ये अमेरिकेतली दुकानं बंद, तीस हजारांवर लोक बेकार. फार ओरड झाल्यावर केकेआर आणि बेनने कामगारांसाठी २ कोटी डॉलरचा मदतनिधी काढला.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ब्लॅकस्टोनने २००७ मध्ये हिल्टन हॉटेलं २६ अब्ज डॉलरला घेतली, त्यातलं २० अब्जांच्या आसपास कर्ज. लगेच मंदी आली. सगळे म्हणाले, बुडाले. पण २०१० मध्ये त्यांनी सावकारांशी बोलून कर्जाची फेरमांडणी केली, हॉटेलं वाढवली, २०१३ मध्ये कंपनी बाजारात आणली आणि २०१८ मध्ये सुमारे १४ अब्ज डॉलर नफा घेऊन बाहेर पडले. तेव्हा कर्ज म्हणजे पाप असं मी म्हणत नाही. वाईट वर्षात श्वास घ्यायला जागा ठेवली आहे का, एवढंच बघायचं.

आपल्याकडे हा प्रकार या थराला गेला नाही, कारण शेअर विकत घ्यायला कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने वर्षानुवर्षं कडक बंधनं ठेवली. शिवाय पब्लिक कंपनीने स्वतःचेच शेअर घेणाऱ्याला आर्थिक मदत करू नये, असं कंपनी कायद्याचं कलम ६७ सांगतं. २००० मध्ये टाटा टीने टेटली २७ कोटी १० लाख पौंडांना घेतली ती याच पद्धतीने, पण कर्ज उभं केलं ब्रिटनमध्ये. आपल्या या जुनाट बंधनांना नावं ठेवणारे खूप आहेत. मी त्यांतला एक होतो. आता नाही.

मग माझं म्हणणं काय? फंड नकोत? अजिबात नाही. त्या १८ कोटींशिवाय आतेभावाची कंपनी दोन खोल्यांतच संपली असती. तीस जणांना सात वर्षं पगार मिळाला, ते सॉफ्टवेअर आजही नव्या मालकाकडे चालू आहे. माझं म्हणणं एवढंच, की मूल्यांकनाचा आकडा हे अर्धं वाक्य आहे आणि आपण अर्ध्या वाक्यावर टाळ्या वाजवतो. उरलेलं वाक्य अटींत असतं. कंपनी निम्म्या किमतीला विकली गेली तर कोणाला किती, हा तक्ता सहीच्या आधी मांडून, सही करणाऱ्याच्या आणि शेअर कबूल केलेल्या प्रत्येक नोकराच्या हातात दिला पाहिजे. माझ्या मते हे कायद्याने सक्तीचं असावं. एक पान पुरतं. कर्जावर घेतलेल्या कंपनीच्या कामगारांनाही वर्षाचं व्याज किती आणि नफा किती, हे दोन आकडे कळायला हवेत.

आणि घरातल्या हिशेबातल्या माणसाने, ज्याला जे येत नाही, ते येत नाही म्हणावं.

परवा आतेभावाला फोन केला. दिवाळीतल्या त्या फराळाचं आणि माझ्या "स्टँडर्ड आहे"चं सगळं बोललो. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, मलाही २०० च हवे होते. तू नाही म्हणाला असतास तर मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं."

हे त्याने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच, ते मला ठरवता येत नाही. सध्या तो ७२ लाखांतले काही त्या फ्लॅटवाल्या मुलाला देण्याच्या खटपटीत आहे, आणि त्यावर टॅक्स कसा लागेल ते मला विचारतोय. ते मला येतं. या वेळी टीव्ही बंद करून बसलोय.

आत्या, तू हे वाचशीलच. रविवारी येतो. उरलेलं समोर बसून सांगतो.